डोंग्याखालचा डावा पाय

वैयक्तिक मेडले म्हणजे काय, हे मला आजवर इतक्या लोकांना समजावून सांगावं लागलंय की सांगायची माझी एक रीतच पडून गेली आहे. एकाच शर्यतीत पोहण्याचे चार प्रकार, तेही ठरलेल्या क्रमानं. आधी बटरफ्लाय, मग पाठीवर, मग बेडकासारखा ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. दोनशे मीटरच्या शर्यतीत मोठ्या तलावाची एकेक लांबी एकेका प्रकाराला. यातल्या कुठल्याही एका प्रकारात माझ्याहून चांगल्या पोहणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. चारही प्रकार एका दमात नीट पोहणाऱ्या कमी आहेत, आणि त्या कमी बायकांमध्ये मी आहे. हे सांगायला मी पूर्वी लाजायची. आता लाजत नाही.

माझं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. आम्ही ढिवर. बाबा जाळं टाकायचे आणि माय मासे-झिंगे घेऊन बाजारांना जायची. उन्हाळ्यात नदी उतरली की आम्ही रेतीत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावायचो. डांगरं पिकली की ती पलीकडच्या काठाला न्यावी लागत, कारण गाडीरस्ता तिकडून होता. गावासमोर नदीला डोह आहे, तिथं भर उन्हाळ्यातही माणूस बुडेल इतकं पाणी असतं. आमची लाकडी होडी, म्हणजे डोंगा, डांगरांनी गच्च भरायचा. भरलेल्या डोंग्यात माणसाला जागा उरत नाही. मग माय आणि मी पाण्यात उतरायचो, डोंग्याच्या मागच्या भागाला दोन बाजूंनी हात लावायचो आणि पाय मारत मारत तो पार न्यायचो. माय डाव्या अंगाला, मी उजव्या. मला पोहायला असं कुणी शिकवलं नाही. भाकरी थापायला जशी आपोआप शिकले, तसंच ते.

बारावीनंतर मी पोलीस भरतीत उतरले आणि गडचिरोली जिल्ह्यात शिपाई म्हणून लागले. पहिली नेमणूक आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका पोलीस मदत केंद्रात. तिथंच एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींशी माझं लग्न झालं. ते जंगलातल्या गावचे, गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेले नाहीत. नाला ओलांडायचा असला की मी पुढे आणि ते माझा हात धरून मागे, हे गावकऱ्यांना फार गमतीचं वाटायचं. त्यांना स्वतःला त्यात काही वाटत नसे.

मुख्यालयाच्या क्रीडास्पर्धेत मी फ्रीस्टाइलला नाव दिलं ते निव्वळ दोन दिवस जंगलाबाहेर पडायला मिळतील म्हणून. बाकीच्या बायका अर्ध्यात पोचायच्या आत मी बाहेर येऊन अंग पुसत होते. तिथं एक महिला पोलीस निरीक्षक काठावर उभ्या होत्या. मूळच्या सांगलीकडच्या, तरुणपणी राज्यासाठी पोहलेल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणायचो. त्या माझ्याजवळ आल्या.

"पाठीवर येतं?" त्यांनी विचारलं.

"येते, मॅडम."

"बेडूक?"

"ते तर सगळ्यात आधीपासून येते."

"बटरफ्लाय?"

"ते काय असते?"

मॅडम हसल्या. "मग उत्तमच. तेवढं तरी मला पहिल्यापासून शिकवता येईल."

मॅडमच्या शब्दामुळे माझी सरावासाठी मुख्यालयात तात्पुरती नेमणूक झाली आणि चंद्रपूरच्या पोहण्याच्या तलावावर आमचं शिक्षण सुरू झालं. बटरफ्लायनं मला रडवलं नाही, पण खिजवलं खूप. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे टाकायचे, दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे मारायचे, आणि श्वास घ्यायला डोकं वर आलं की कंबर खाली जाता कामा नये. नदीत असं कुणी पोहत नाही. असं पोहून नदी पार करायची कुणाला गरजच पडत नाही. पण मला ते आवडायला लागलं. त्यात कुठली जुनी सवय आड येत नव्हती. मॅडम सांगत तसंच्या तसं अंगात उतरत होतं, आणि पावसाळा संपता संपता बटरफ्लाय हाच माझा सगळ्यात वेगवान प्रकार झाला होता.

एकदा माय चंद्रपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात आली होती. तिला मी तलावावर घेऊन गेले. ती चपला हातात घेऊन काठानं फिरली, खाली वाकून पाण्यात बोटं बुडवली, बोटं हुंगली.

"हे पानी कुठी जाते?" तिनं विचारलं.

"कुठीच नाई जात. इथीच राहते."

"बसून हाये म्हन ना." तिला ते पटलं नाही. मग मी तिला बटरफ्लाय करून दाखवला. बाहेर आले तर तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय झालं, माय?"

"काई नाई वं. त्या पान्यानं तुह्यं काय बिघडवलं? काऊन मारून राह्यली त्याले?"

काठावरच्या मॅडमही हसल्या. मायनं त्यांच्याकडे बघून विचारलं, "मॅडम, हिले यासाठी पगार भेटते का?" मॅडम म्हणाल्या, भेटतो. पगार भेटत असेल तर पाण्याला मारायला तिची हरकत नव्हती.

त्या वर्षी मी राज्याच्या पोलीस संघातून देशपातळीवरच्या स्पर्धेला गेले. दोनशे मीटर मेडलेत मी तिसरी भिंतीला लागले. वर बघितलं तर मॅडमचा चेहरा उतरलेला. फळ्यावर माझ्या लेनसमोर क्रमांकच नव्हता. मी बाद झाले होते.

"कशात?" मी विचारलं. मला वाटलं, बटरफ्लायमध्ये काहीतरी चुकलं असणार.

"ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. पाय."

मला खरंच राग आला. ब्रेस्टस्ट्रोक? जो मी चड्डीत होते तेव्हापासून मारतेय? मी म्हटलं, "मॅडम, त्या जजले दिसलं नसन." राग आला की माझ्या तोंडी गावची बोली येते. मॅडमनी मोबाइल काढला. पाण्याखालून घेतलेलं चित्रण होतं. त्यांनी ते संथ करून दाखवलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय सारखे चालावे लागतात. गुडघ्यात दुमडायचे, पावलं बाहेर वळवायची, आणि दोन्ही बाजूंनी पाणी ढकलत मिटायचे. माझा उजवा पाय अगदी तसंच करत होता. डावा मात्र बाहेर उघडतच नव्हता. तो सरळ मागे जायचा, पाऊल ताणलेलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय होता.

मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. पाहिल्यावर वाद घालण्यासारखं काही राहिलं नाही.

त्यानंतर आम्ही पायाच्या मागे लागलो. सावकाश पोहले तर डावा पाय ऐकायचा. दमले की पुन्हा आपल्या वळणावर. मेडलेत ब्रेस्टस्ट्रोक तिसरा येतो, म्हणजे माणूस दमलेलाच असतो. मधे मला काही आठवड्यांसाठी मदत केंद्रावर परतावं लागलं. तिथं तलाव कुठला? मी बरॅकमधल्या लाकडी बाकावर पालथी पडून पाय मारायची. शेजारच्या खाटेवरची शिपाई मैत्रीण कपड्यांच्या घड्या घालता घालता बघायची.

"बाई, किती दूर पोचली?" ती विचारायची.

"अहेरीपर्यंत आली."

"येताना भाजी आनजो मंग."

बाकावर पाय उत्तम चालायचा. पाण्यात गेला की विसरायचा. मॅडमही वैतागल्या. त्यांनी एकदा इतकं विचारलं, "लहानपणी हा पाय मोडला होता का?" नव्हता मोडला.

उन्हाळ्यात मॅडम कुठल्याशा कामानं गोंडपिपरीला आल्या होत्या. मी सुट्टीवर घरी होते. मी त्यांना जेवायला बोलावलं, कारण झिंग्याचा रस्सा मायसारखा कुणी करत नाही. त्या आल्या तेव्हा आम्ही नेमक्या नदीवर होतो. बाबा वारल्यानंतर वाडी थोडीच लावत होतो, पण लावत होतो. डोंगा भरला होता आणि माय व मी पाण्यात उतरलो होतो. मॅडम रेतीत उभ्या राहून बघत होत्या. आम्ही पलीकडे जाऊन, डांगरं उतरवून परत आलो तरी त्या तिथंच, उन्हात.

"तू नेहमी याच बाजूनं ढकलतेस?" त्यांनी विचारलं.

"हो. लहानपणापासून."

"आणि डावा पाय कुठं असतो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि उत्तर माझ्याच लक्षात आलं. उजव्या बाजूनं ढकललं की उजवा पाय मोकळा असतो. डावा डोंग्याच्या पोटाखाली जातो. तो बाहेर उघडला तर घोटा लाकडावर आपटतो. लहानपणी चारदोनदा आपटला असणार, मग तो शहाणा झाला आणि सरळ मागे जायला शिकला. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, त्यानं मला कधी विचारलं नव्हतं.

मॅडमनी मायला समजावून सांगितलं की या पायापायी पोरगी स्पर्धेतून बाद झाली. मायनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यात काय चुकलं, मॅडम? डोंगा तर पार गेला ना."

मॅडम जेवल्या, दोनदा रस्सा मागून घेतला आणि गेल्या. कारण कळलं होतं, पण उपाय त्यांच्याकडेही नव्हता. उपाय मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचला, आणि तो माझा आहे, हे मी सगळ्यांना सांगते.

मी मायला म्हटलं, "आज तू उजवीकडून ढकल. मी डावीकडून येतो."

"काऊन?"

"तिकून ढकललं की डावा पाय मोकळा राहते. त्याले उघडाच लागते."

"मी जनमभर इकूनच ढकललं. आता मह्या पायाले कोन शिकवन?"

"मी शिकवतो."

ती कुरकुरत उजवीकडे गेली. आम्ही निघालो आणि डोहाच्या मध्यावर डोंगा गोल फिरला. मायचे पाय जुन्या वळणानं चालले होते, माझे कसेही, आणि डांगरांसकट डोंगा आल्या काठाकडे तोंड करून उभा राहिला. काठावर कपडे धुणाऱ्या बायका हसून हसून बसल्या. एकीनं विचारलं, "काकू, घरी काई राह्यलं का?" मायनं तिला दोन शब्द सुनावले आणि मला चार. पण तिनं बाजू सोडली नाही. ती अशी आहे. आधी नाही म्हणते, आणि एकदा हो म्हटलं की मग तिला थांबवता येत नाही.

त्या उन्हाळ्यात मिळेल त्या सुट्टीला मी गावी गेले. डांगरं संपली तेव्हा आम्ही डोंग्यात रेती भरून नेली आणि रेती भरूनच परत आणली. मायला हे वेडेपणाचं वाटायचं, तरी ती यायची. सुरुवातीला डाव्या पायाची मांडी रात्रभर ठणकायची. मग ठणका थांबला. मग एके दिवशी डोंगा सरळ रेषेत पार गेला, आणि आम्हा दोघींना पलीकडे पोचल्यावरच ते कळलं. चंद्रपूरला येऊन मी मॅडमसमोर ब्रेस्टस्ट्रोक मारला. दमेपर्यंत मारला. त्यांनी पाण्याखालून चित्रण घेतलं, संथ करून बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. डावा पाय उजव्याच्या बरोबरीनं उघडत होता. थोडासा गबाळा, पण कायद्यात बसणारा.

पुढच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत मी दुसरी आले आणि माझी आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. जगभरचे पोलीस, अग्निशमन दल, तुरुंग असल्या गणवेशातल्या नोकऱ्यांत असणारे लोक दर काही वर्षांनी एकत्र येऊन खेळतात, ती स्पर्धा. या खेपेला ती युरोपात होती. मॅडम संघाच्या प्रशिक्षक म्हणून सोबत होत्या. मायनं झिंग्याची चटणी बांधून दिली होती. मॅडमनी ती विमानतळावर जाण्याआधीच काढून ठेवायला लावली, आणि मग आम्ही दोघींनी मिळून ती नागपुरातच संपवली.

तिकडचा तलाव छताखाली होता. पाणी इतकं नितळ की तळाच्या फरशीवरची रेघन् रेघ मोजता येईल अशी दिसत होती. मला त्या पाण्याची भीती वाटली नाही. मला भीती वाटावी असं सगळे गृहीत धरून होते. संघातली एक जण मला धीर देत होती की बाहेरचे लोकही आपल्यासारखेच असतात. मला ते ठाऊक होतं. पाण्यात सगळ्यांना श्वास लागतो.

शर्यतीआधी खेळाडूंना एका खोलीत बसवतात. माझ्या शेजारी एक उंच, मोठ्या खांद्यांची बाई होती. अग्निशमन दलातली. माझं इंग्रजी ठाण्यापुरतं, तिचंही फार नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. तिनं विचारलं, कुठल्या तलावात शिकलीस? मी म्हटलं, तलाव नाही, नदी. मोठी आहे का, तिनं विचारलं. मी हात पसरून दाखवले आणि आणखी पसरता येत नाहीत असा चेहरा केला. मग तिनं हसत दोन्ही तळहात जबड्यासारखे उघडझाप करून दाखवले. मगर आहे का?

"आमच्या गावाला नाही," मी सांगितलं. "खाली, पुढच्या नदीत आहेत."

तिचं हसू थांबलं. तिनं पलीकडच्या बाईला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, त्या बाईनं आणखी पलीकडे सांगितलं, आणि थोड्या वेळात सगळी खोली माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागली. मी गैरसमज दूर केला नाही. शर्यतीआधी एवढं चालतं.

प्राथमिक फेरी नीट झाली. एवढंच की तिसऱ्या लांबीला, ब्रेस्टस्ट्रोक सुरू झाल्यावर, पांढऱ्या कपड्यातला एक जज काठानं माझ्या बरोबरीनं चालत होता. श्वास घ्यायला डोकं वर आलं की त्याचे बूट दिसायचे. मी अंतिम फेरीत आले, पण कडेच्या लेनमध्ये. म्हणजे आठ जणींत माझी वेळ मागची होती. मला त्याचं कारण माहीत होतं. बूट दिसल्यापासून मी पाय मोजून मारला होता.

जेवणानंतर मॅडम आणि मी बाहेर हिरवळीवर बसलो.

"त्यानं तुझ्या पायावरून नजर काढली नाही," मॅडम म्हणाल्या.

"पाहिलं मी."

"पण हातही वर केला नाही. म्हणजे पाय बरोबर आहे."

"सावकाश मारला म्हणून बरोबर होता, मॅडम. जोरात मारला तर?"

मॅडम म्हणाल्या, "सांभाळून पोहलीस तर पाचवी-सहावी येशील. नाव लागेल. जोरात पोहलीस तर पदकापर्यंत जाशील, नाहीतर बाद होशील. मी काही सांगणार नाही. पाय तुझा आहे."

मी डाव्या पायाची बोटं गवतात रुतवून बघितली. रेतीनं भरलेला डोंगा ढकलताना मी काही सावकाश ढकलत नव्हते. तो जड होता, अंगातला सगळा जोर लावावा लागायचा, आणि पाय तेव्हाच शिकला होता. जोर हीच त्याची सवय होती. सावकाश मारायला लावून मीच त्याला गोंधळात टाकत होते.

"जोरात पोहतो," मी म्हटलं.

मॅडमनी मान डोलावली. "मग आता झोप काढ थोडी."

मी खरंच झोपले.

अंतिम फेरीला शिट्टी झाली आणि मी उडी मारायच्या ठोकळ्यावर चढले. बटरफ्लाय मी आयुष्यात इतका चांगला कधीच मारला नव्हता. पहिल्या भिंतीला दोन्ही हात टेकले तेव्हा शेजारच्या लेनमध्ये कुणी नव्हतं, त्याच्या पलीकडेही नव्हतं. मी कडेला होते, मला सगळा तलाव दिसत नव्हता, पण मी पुढे आहे एवढं कळलं. पाठीवर वळले आणि छतावरची एक लोखंडी तुळई नजरेनं पकडून ठेवली. तिच्या खालून हललं नाही की लेन चुकत नाही. इथं उंच बायकांचा फायदा असतो. त्यांचा एक हात म्हणजे माझा दीड. तुळई संपेपर्यंत दोघी माझ्या पुढे गेल्या होत्या, त्यांच्या पायांनी उडवलेलं पाणी माझ्या कानावर येत होतं.

भिंतीला पाठीवरच हात लागला. वळले. ब्रेस्टस्ट्रोक.

बूट पुन्हा दिसले. तोच माणूस असेल किंवा दुसरा. मी पहिलाच पाय असा मारला की आपल्याच जोरानं मी पुढे फेकली गेले. मग दुसरा. डावा पाय बाहेर उघडला आणि पाणी त्याच्या तळव्याला भरून लागलं. ज्यानं कधी दमून ब्रेस्टस्ट्रोक मारला आहे त्यालाच ते लागणं कळेल. पाय चुकला की पाणी निसटतं, बरोबर असला की पाणी अडतं, आणि अडलं की माणूस पुढे जातो. प्रत्येक वेळी ते अडत होतं. मला मोबाइलवर बघायची गरज नव्हती. त्या लांबीत एक जण माझ्या पुढे होती आणि पुढेच राहिली. दुसरीला मी कुठं गाठलं, मला आठवत नाही.

शेवटची लांबी फ्रीस्टाइलची. खांदे जळत होते. पण ही लांबी मला येते. पलीकडचा काठ दिसत असताना मी कधी थांबले नाही. हात टेकले, गॉगल वर केला आणि फळ्याकडे बघितलं.

फळ्यावर आकडे लागायला वेळ लागतो. तेवढ्यात मी जजकडे बघितलं. तो हात मागे बांधून उभा होता. मग पहिल्या नावासमोर एक आला. ती मगरवाली उंच बाई होती. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या लेनसमोर दोन.

मी काठाला धरून तशीच थांबले. मॅडम वरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन बोटं वर केली, जणू मला आकडा वाचता येत नव्हता. ती उंच बाई लेनच्या दोऱ्या ओलांडत ओलांडत माझ्यापर्यंत आली, माझा हात धरला आणि परत तेच केलं, तळहातांचा जबडा. आम्ही दोघी पाण्यात हसलो. मी पहिली आले नाही याचं मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. ती माझ्यापेक्षा चांगली पोहली होती. पण त्या दिवशी माझ्यापेक्षा चांगली फक्त ती एकटीच पोहली होती.

परत आल्यावर मुख्यालयात सत्कार झाला, आमच्या गुरुजींच्या शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी गावी गेले. माय दारात मासे साफ करत होती. हात पुसून तिनं पदक घेतलं, वजन केल्यासारखं तळहातावर खालीवर केलं.

"हे पांढरं हाये," ती म्हणाली.

"चांदीचं. दुसऱ्या नंबरले चांदी देतेत."

"पह्यली कोन आली?"

"एक आग विझवनारी बाई."

मायनं विचार केला. "मंग ठीक हाये. तिले पान्याचं काम रोजचंच असन." तिनं पदक घरात नेऊन ठेवलं आणि पुन्हा मासे साफ करायला बसली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "थकली असशीन. कांदा चिरून दे, मी रस्सा टाकतो."

आता माझी नेमणूक मुख्यालयात आहे. पावसाळ्यात पूर आला की जिल्ह्यातली कितीतरी गावं तुटतात, बोटी घेऊन जावं लागतं, म्हणून नव्या महिला शिपायांना पोहणं शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. पहिल्या दिवशी त्या सगळ्या तलावाच्या काठावर रांगेत उभ्या होत्या. बऱ्याचशा भामरागड, एटापल्लीकडच्या. नाले त्यांनी खूप ओलांडले होते, दोर धरून, लाकूड धरून. त्यातल्या एकीनं विचारलं, "बाई, तुमच्यासारखे चारही प्रकार शिकावं लागते का?"

"शिकावं लागत नाही," मी म्हटलं. "आधी तरंगायचं."

"अन् मंग?"

"मग ज्याला जे आवडेल ते."

तिनं काठावर लिहिलेला पाण्याच्या खोलीचा आकडा वाचला, मैत्रिणीकडे बघितलं आणि शिडीला धरून पहिली पायरी उतरली. पाणी थंड होतं. ती तिथंच थांबली. मी पलीकडच्या बाजूनं पाण्यात उतरले आणि तिच्यासमोर जाऊन हात पुढे केले.